तालीम आणि तारीख

जूनच्या अखेरीस बेळगावात पावसाची झड लागते, टिळकवाडीतल्या लेले ग्राउंडवर पाणी साचते आणि पहाटे सरावाला आलेली मुले त्या पाण्यातूनच चेंडू पुढे ढकलत राहतात. साधारण त्याच सुमारास मी वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर एक बातमी शोधू लागतो. बेंगळूर एफसी या फुटबॉल क्लबचे हंगामपूर्व शिबिर कधी सुरू होणार, कुठे होणार, त्याला कोण पोहोचले आणि कोण अजून आलेले नाही, एवढाच तिचा मजकूर असतो; पण पुढे हंगामभर येणाऱ्या सामन्यांच्या वृत्तांतांपेक्षा त्या चार ओळी मी अधिक लक्ष देऊन वाचतो. संघ कसा आहे ते सामन्यात दिसते. तो तसा का आहे, याचे कारण बहुतेक वेळा शिबिरात घडून गेलेले असते, असे माझे मत आहे आणि त्या मताचे मूळ कुस्तीत आहे.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी थोरले काका पैलवान होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. पुढे त्यांच्याच हाताखाली गावची तालीम चालू लागली आणि ते वस्ताद झाले. गावची यात्रा चैत्रात, आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचे मैदान. मार्गशीर्षात तालमीची माती नव्याने खणली, तिच्यात तेल, हळद आणि ताक मुरवून हौदा तयार झाला, की आप्पा पंचांग काढून यात्रेचा दिवस पाहत आणि हौद्याच्या दारामागच्या भिंतीवर तो कोळशाने लिहून ठेवत. त्यानंतरचा सगळा हिशेब त्या दिवसापासून मागे मोजून होत असे. पहिले चाळीस दिवस फक्त जोर, बैठका आणि पळणे. त्या काळात कोणी हौसेने लढत मागितली तरी मिळत नसे. मग लढती सुरू होत, आधी आपापल्या वजनाच्या जोडीशी आणि नंतर जड पैलवानाशी. यात्रेला आठवडा उरला की मेहनत निम्म्यावर येई, खुराक तसाच राही, मालिश वाढे. मी लहान होतो. ऐन वेळी हे सगळे आळशी का होतात, असे मी त्यांना विचारले होते. पैलवान मैदानात ताजा उतरला पाहिजे, तालमीतच दमून गेला तर लोकांनी काय बघायचे, असे ते म्हणाले.

फुटबॉलमधील हंगामपूर्व तयारीविषयी मी पुढे जे काही वाचले, ते या भिंतीवरच्या तारखेपासून फार लांब गेलेले नाही. साधारण सहा आठवड्यांची तयारी असावी असे मानले जाते. आरंभी दम वाढवायचा, मग वेग आणि ताकद, मग सराव सामने, आणि पहिल्या खऱ्या सामन्याच्या आधी भार उतरवायचा. मैदानातला खेळाडू एका सामन्यात दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो, पण त्यातले बरेचसे चालत किंवा हलके धावत कापलेले असते. निकाल ठरतो तो मधल्या थोड्या मीटरच्या सुसाट धावांवर, आणि मांडीच्या मागचा स्नायू दुखावतो तोही त्याच धावांत. फुटबॉलमध्ये स्नायूंच्या दुखापतींपैकी सर्वांत जास्त दुखापती या एका स्नायूगटाच्या असतात. घोटे कोणीतरी धरून ठेवायचे आणि गुडघ्यावर ताठ राहून शरीर हळूहळू पुढे झुकवत न्यायचे, हा साधा व्यायाम नियमित केला तर त्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, हे अभ्यासांत दिसून आले आहे. तो करायला यंत्र लागत नाही, एक जोडीदार लागतो आणि सलग काही आठवडे लागतात. आठवड्यांना मात्र पर्याय नाही. शिबिराच्या छायाचित्रांत पाठीवर, खांद्यांच्या मध्ये, उपग्रहाशी जोडलेले यंत्र बांधलेले खेळाडू दिसतात. कोण किती धावला, किती वेगाने धावला याची नोंद त्यातून होते. माझी नजर त्या यंत्रावरून कोपऱ्यात गुडघ्यावर बसलेल्या जोड्यांकडे जाते. त्या दिसल्या की बरे वाटते.

गेल्या काही वर्षांत बेंगळूर एफसीने आपली हंगामपूर्व तयारी अनेकदा बळ्ळारी जिल्ह्यात, तोरणगल्लूजवळच्या विजयनगर वसाहतीतल्या इन्स्पायर इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये केली आहे. 2018 साली उद्घाटन झालेली ही संस्था क्लबच्या मालकांचीच, म्हणजे जेएसडब्ल्यू समूहाची आहे, आणि तिथे कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्यूदो, अॅथलेटिक्स असे खेळ शिकवले जातात. हुबळी, गदग, कोप्पळ, होसपेट करत मी एकदा लग्नानिमित्त बळ्ळारीला गेलो होतो. तोरणगल्लू आले तेव्हा पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसल्या, लाल धुळीने रंगलेले ट्रक दिसले, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी हिरवे मैदान आहे, हे मनाशी धरून मी खिडकीतून पाहत राहिलो. मैदान काही दिसले नाही.

या जागेवर टीका करणारे चाहते मला भेटतात. बेंगळूरसारखी थंड हवा सोडून खेळाडूंना त्या भट्टीत का न्यायचे, असा त्यांचा प्रश्न असतो. माझे मत उलट आहे. बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे, तिथली संध्याकाळ सुखाची असते; पण बाहेरचे बरेच सामने कोलकाता, कोची, चेन्नई, गोवा अशा दमट गावांत खेळायचे असतात. उष्ण हवेत दहा ते चौदा दिवस नियमित मेहनत केली की शरीर बदलते: रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो, तेवढ्याच धावेला हृदयाचे ठोके कमी पडतात. हा बदल थंड गावात राहून मिळत नाही. दुसरे कारण पावसाचे. जुलै-ऑगस्टमध्ये गोव्यात किंवा आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात सलग आठ दिवस मैदान कोरडे मिळणे कठीण. बळ्ळारी हा पर्जन्यछायेतला मुलूख आहे, तिथे आखलेले वेळापत्रक पाळता येते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिथे करण्यासारखे दुसरे काही नाही. सराव, जेवण, विश्रांती आणि पुन्हा सराव. आप्पांच्या तालमीतले पैलवानही यात्रेआधी घरी झोपायला जात नसत.

मग 2018 साली संघ तयारीसाठी स्पेनला गेला होता, त्याचे काय, असे कोणी विचारील. त्या वर्षी युरोपातल्या उन्हाळ्यात तिथल्या संघांशी सामने झाले, छायाचित्रे सुंदर आली, आणि 22 ऑगस्टला बेंगळूरच्याच कांतीरव्याच्या मैदानावर तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असिर क्लबने आशियातल्या क्लबांच्या एएफसी चषकाच्या सामन्यात बेंगळूरला 3-2 असे हरवले. परतीचा सामनाही गेला. तेव्हा अनेकांनी स्पेनच्या दौऱ्याला दोष दिला आणि त्यात मीही होतो. आज मात्र मी त्या शिबिराला एवढ्या सहज दोषी ठरवणार नाही, कारण त्याच संघाने त्या हंगामाची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली. 17 मार्च 2019 रोजी मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, गोव्याविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि 117 व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू राहुल भेकेने डोक्याने जाळ्यात मारला. गोव्याचे तेव्हा दहाच खेळाडू उरले होते, हे मान्य केले पाहिजे. तरीही 117 व्या मिनिटाला बचावपटूने समोरच्या गोलपर्यंत जाऊन सर्वांच्या वर उडी मारावी, यासाठी पायांत जे लागते ते मार्चमध्ये तयार होत नाही. ऑगस्टच्या तारखेला ते शिबिर पुरले नाही आणि मार्चच्या तारखेला पुरून उरले. शिबिर चांगले की वाईट, हे कोणत्या दिवसासाठी विचारता, यावर उत्तर अवलंबून असते.

त्या गोलाविषयी आणखी थोडे सांगायला हवे. मुंबईचा मराठी मुलगा बेंगळूरच्या निळ्या जर्सीत, मुंबईच्या मैदानावर, गोव्याविरुद्ध गोल करतो, आणि आमच्या गल्लीत तो पाहणाऱ्यांपैकी अर्ध्यांचे नातलग गोव्यात. आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत कानडी आणि चोर्ल्याच्या घाटापलीकडे व्यवहाराला कोकणी चालते. गोवा जवळ असताना बेंगळूरचा संघ कसा काय आवडतो, असे मला विचारले जाते. मी 21 एप्रिल 2014 चा दिवस सांगतो. बेंगळूर एफसी स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते, आणि पहिल्याच हंगामात आय-लीगचे, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगचे, विजेतेपद मिळवायला ते गोव्याच्या धेंपो क्लबविरुद्ध मडगावला, फातोर्ड्याच्या मैदानात उतरणार होते. आम्ही चौघे अनमोड घाटातून गेलो ते खरे तर धेंपोच्या प्रेमाने. त्या क्लबचे खेळाडू पाहतच आम्ही वाढलो होतो. बेंगळूरने 4-2 असा सामना जिंकला. स्कोअरपेक्षा मला लक्षात राहिले ते शेवटच्या वीस मिनिटांतले त्यांचे धावणे. एप्रिलचा उकाडा, हंगामाचा शेवट, आणि चेंडू हरवल्यावर पाच जण एकदम मागे वळून पळत होते. अॅशली वेस्टवूड हे त्यांचे इंग्लिश प्रशिक्षक तंदुरुस्तीबाबत फार कडक आहेत, हे मी वाचले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. परतताना लोंढ्याजवळ चहाला थांबलो तेव्हा मी मित्रांना म्हणालो, की या पोरांना कोणी तरी चांगला वस्ताद भेटला आहे. तेव्हापासून मी त्यांचा आहे.

शिबिरात परदेशी खेळाडू उशिरा येतात, याचा मला राग येतो. व्हिसा, करार, प्रवास अशी कारणे खरी असतील, पण मधल्या फळीतला सूत्रधार चौथ्या आठवड्यात उतरला की पहिले तीन आठवडे बाकीच्यांनी केलेला सराव त्याच्याभोवती पुन्हा रचावा लागतो. मणिपूर, पंजाब, केरळ, मुंबई आणि स्पेन अशा ठिकाणांहून आलेल्या माणसांना एकमेकांच्या हाका ओळखू याव्या लागतात. मागून हाक आली की वळून न पाहता चेंडू सोडता आला पाहिजे. ती ओळख रोज एका ताटात जेवून आणि रोज एका वर्तुळात चेंडू फिरवून होते.

मात्र उशिरा येणाऱ्यांमुळे एक चांगली गोष्टही घडते, आणि मी शिबिराच्या बातम्यांत तीच शोधत असतो. जागा रिकामी असली की राखीव संघातल्या मुलाला पहिल्या संघाबरोबर उभे राहायला मिळते. 2022 साली शिवशक्ती नारायणन असाच वर आला. त्या वर्षी ड्युरँड चषक हा आयएसएलपूर्वीच्या तयारीचाच भाग होता, आणि 18 सप्टेंबरला कोलकात्यात मुंबई सिटीविरुद्धच्या अंतिम सामन्यात बेंगळूरचा पहिला गोल त्याने केला. सामना 2-1 असा जिंकला. दोन वर्षांनी, 14 सप्टेंबर 2024 रोजी, हंगामाच्या पहिल्याच लढतीत ईस्ट बंगालविरुद्ध एकमेव गोल विनीत वेंकटेश या एकोणीस वर्षांच्या मुलाने मारला. ही नावे हंगामाच्या मध्यात पुढे येत नाहीत. हंगाम सुरू झाला की प्रशिक्षकाला गुण हवे असतात आणि तो ओळखीच्या माणसांवर विसंबतो, त्यात त्याचा दोष नाही. अनोळखी मुलाकडे स्वस्थपणे पाहायला वस्तादाला जो वेळ मिळतो, तो शिबिरातच. लेले ग्राउंडवर किंवा सेंट पॉल्समधल्या फादर एडी स्मृती स्पर्धेत एखादा चपळ विंगर दिसला, की हा त्या वर्तुळात उभा राहिला तर कसा दिसेल, असा विचार माझ्या मनात येतोच.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हे लिहायला बसलो. 12 एप्रिल 2025 रोजी कोलकात्यात बेंगळूर आयएसएलचा अंतिम सामना मोहन बागानकडून 2-1 असा हरले. आघाडी घेतली होती. बरोबरी झाली आणि जादा वेळेत 96 व्या मिनिटाला दुसरा गोल पडला. चाळिशी गाठलेल्या सुनील छेत्रीने त्या हंगामात 14 गोल केले होते. पुढच्या शिबिरात काय करावे लागेल, याची यादी मी मनातल्या मनात केली होती: छेत्रीचा भार कोणावर द्यायचा, आघाडी घेतल्यावर मधली फळी मागे का सरकते, जादा वेळेत बदली खेळाडू कोण. या सगळ्याची उत्तरे शोधायला जुलै-ऑगस्ट होते.

ते महिने आले, पण तारीख आली नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला 2010 सालचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार होता, पुढे काय हे ठरलेले नव्हते, आणि जुलैत लीग थांबवल्याचे कळवण्यात आले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बेंगळूर एफसीने पहिल्या संघातील खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी स्थगित केले. युवा संघांचे काम चालू राहील, असेही सांगितले. त्या वर्षीच्या ड्युरँड चषकात हा संघ उतरला नाही.

त्या दिवसांत कोणी म्हणाले, की वेळ मिळाला आहे तर खेळाडूंनी अधिक सराव करावा, पुढे कामी येईल. हे ऐकून मला माझे कॉलेजचे दिवस आठवले. आमच्या संघाने एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी दोन महिने तयारी केली होती. स्पर्धेला चार दिवस असताना ती पुढे ढकलली. आमच्या शिक्षकांनी पुन्हा भार वाढवला, पुन्हा उतरवला आणि पुन्हा ती पुढे गेली. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या खेपेला एका सकाळी आमचा डावा बचावपटू, जो आमच्यात सर्वांत वेगवान होता, साध्या धावेत मांडी धरून खाली बसला. त्या दिवशी मैदानावर कोणी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात सरावाला सात जण आले, नंतर पाच. शेवटी स्पर्धा परीक्षेच्या तोंडावर झाली, आम्ही नेमके अकरा जण घेऊन गेलो आणि पहिल्याच सामन्यात बाहेर पडलो. तो मित्र नंतर कधी पूर्ण वेगाने धावला नाही. आयोजकांनी तारीख का बदलली, हे आम्हाला कोणी कधी सांगितले नाही.

म्हणून तारखेशिवायचा अधिकचा सराव मला वरदान वाटत नाही. भार वाढवायचा तर तो कधी उतरवायचा, हे माहीत असावे लागते; आणि थांबायचे म्हटले तर दोन-तीन आठवड्यांतच दम उतरू लागतो, उष्णतेची सवयही काही आठवड्यांत मोडते. खेळाडू दोन्हीकडून अडकतो. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचे तर एक पूर्ण वर्ष जाते, ज्या वर्षी कदाचित त्याला त्या रिकाम्या जागेवर उभे राहायला मिळाले असते. भारतीय फुटबॉलच्या तोट्याचा हिशेब प्रेक्षक आणि प्रायोजक यांच्या आकड्यांत मांडला जातो. हे न झालेले शिबिर त्या हिशेबात कोणी धरल्याचे मला दिसले नाही. महासंघ, कंपनी आणि क्लब यांनी आपापसांत जो करार करायचा तो करावा. माझी मागणी एवढीच, की पुढच्या हंगामाचा पहिला दिवस आधीच्या हंगामाच्या शेवटच्या दिवसापूर्वी जाहीर करावा आणि मग तो हलवू नये. आमच्या खेड्यातल्या यात्रा कमिटीला हे जमत आले आहे.

ऑक्टोबरअखेर गोव्यात सुपर कप सुरू झाला. बेंगळूरचा संघ पुन्हा मैदानात दिसला, गटातून पुढे गेला नाही, आणि नंतर पुन्हा शांतता पसरली. 6 जानेवारी 2026 रोजी दिल्लीत घोषणा झाली, की लीग 14 फेब्रुवारीला सुरू होईल. त्या संध्याकाळी मी खूप दिवसांनी गावच्या घरी होतो. तालीम आता बंद आहे, हौद्यावर ताडपत्री असते. दारामागच्या भिंतीला चुना लागला आहे, पण आप्पांचे जुने आकडे चुन्याखालून अजून पुसट दिसतात. मी चुलीतला एक कोळसा घेतला, त्यांच्या खाली 14 फेब्रुवारी असे लिहिले आणि मागे मोजायला लागलो. एकोणचाळीस दिवस भरले. जोर आणि बैठकांसाठी आप्पा जेवढे देत, त्याला एक दिवस कमी.